जिंकण्यावरच लावले होते ना!

‘ताई, मी एकवीस वर्षांचा आहे. बडोद्यातच वाढलो, लेगस्पिन टाकतो. मागच्या उन्हाळ्यात एका टी-ट्वेंटी लीगमध्ये खेळलो. सामने मोबाइलवर लाइव्ह दिसायचे आणि त्यांच्यावर पैसेही लागायचे. ओळखीच्या एकाने मला पैसे लावायची आयडी काढून दिली. पाच सामन्यांत मी आमच्याच संघावर पैसे लावले, ते जिंकण्यावर. हरण्यावर एकदाही नाही. नंतर इतर सामन्यांवरही लावत गेलो आणि आता ६८ हजारांची उधारी झाली आहे. आयडी देणारा म्हणतो, पैशांचं राहू दे, फक्त टॉसच्या आधी संघ कळवत जा. अजून मी काही कळवलेलं नाही. तेवीस वर्षांखालच्या शिबिरासाठी माझ्या नावाची चर्चा आहे. घरी कुणाला माहीत नाही. आईची आवर्ती ठेव आहे, ती काहीतरी कारण सांगून मोडायला लावावी असं मनात येतं. मी खरंच चुकलो का? आणि हे कुणाला सांगायलाच हवं का? – एक लेगस्पिनर, दांडिया बाजार’

प्रिय लेगस्पिनर,

‘हरण्यावर एकदाही नाही’ या शब्दांखाली तू दोनदा रेघ मारली आहेस. दुसरी रेघ इतकी दाबून मारलीस की कागद मागच्या बाजूने उठला आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते. तू चुकलास. जिंकण्यावर लावलेस तरी चुकलास. रागावून नाही सांगत. तू मनापासून विचारलंस, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते आहे.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी बडोद्यात क्लबच्या सामन्यांची स्कोअरबुकं लिहायचे. मे महिन्यातला एक सामना मला अजून चौकोनाचौकोनाने आठवतो. चाळीस षटकांचा सामना होता, एका गोलंदाजाला आठ षटकं. आमच्याकडे अठरा वर्षांचा एक मध्यमगती गोलंदाज होता. खांदा दुखतोय, असं तो आठवडाभर सांगत होता. कर्णधाराने त्याला एका टोकाकडून लावला आणि काढलाच नाही. पाचवं षटक संपल्यावर तो मुलगा रन-अपच्या खुणेपाशी उभा राहून डाव्या हाताने उजवा दंड दाबत होता. पुढच्या षटकाला कर्णधाराने मिड-ऑफवरून चेंडू त्याच्याकडेच फेकला. त्याने तो घ्यायला डावा हात पुढे केला, उजवा उचलवत नव्हता. तरी आठच्या आठ षटकं टाकली. माझ्या वहीत त्याच्या ओळीतला शेवटचा चौकोन भरला तेव्हा समोरच्यांना अजून तीस-बत्तीस धावा हव्या होत्या. आम्ही जिंकलो. नंतर सगळ्यांसाठी सेव उसळ आली, तर हा पोरगा डाव्या हाताने पाव मोडत होता.

दिवाळीच्या सुमारास कळलं की कर्णधाराने त्या दिवशी आपल्याच संघावर पैसे लावले होते. जिंकण्यावर.

त्याने सामना विकला नव्हता. उलट जीव तोडून जिंकला. पण त्या मुलाचा खांदा पुन्हा पहिल्यासारखा फिरला नाही, दोन हंगामांत त्याचं खेळणं सुटलं. कर्णधाराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, सामना जिंकायचा होता म्हणून त्याला टाकायला लावलं. ते खोटं ठरवायला माझ्या वहीत एक खूण नाही. पैसे लावले नसते तरी त्याने तसंच केलं असतं का? मला वाटतं, ते त्याचं त्यालाही कधी कळलं नसेल. इतक्या वर्षांनी मला सगळ्यात जास्त हेच टोचतं.

आता तुझ्याकडे येते. तू लेगस्पिनर, म्हणजे तुझं कामच धोका पत्करण्याचं. चेंडू उंच द्यायचा, एक षटकार खायचा आणि पुढच्याच चेंडूवर त्याला यष्टीचीत करायचं, ही तुझी कला. समज, सामना अडला आहे, त्यांना दोन षटकांत वीस हव्या आहेत आणि तुझे चार हजार लागले आहेत. तू चेंडू उंच देशील का सपाट ढकलशील? अनामिकेची कातडी सोलली असेल तर कर्णधाराला सांगशील, की चिकटपट्टी लावून गप्प बसशील? तुझ्याऐवजी नवख्या ऑफस्पिनरला षटक द्यायचं त्याने ठरवलं, तर तुझ्या चेहऱ्यावर जे उमटेल ते संघासाठी असेल का चार हजारांसाठी? त्या पाच सामन्यांत तू मुद्दाम काही वाईट केलं नाहीस, हे मी मानते. पण तुझ्या प्रत्येक चेंडूमागे एकच कारण असायला हवं होतं, तिथे तू दुसरं एक आणून ठेवलंस. मैदानावरच्या उरलेल्या दहा जणांना ते माहीत नव्हतं. ते तुझ्याबरोबर एक सामना खेळत होते, तू दोन.

आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा लक्षात येत नाही. लीगमधल्या पाच सामन्यांवर तू पैसे लावलेस. बाकीच्यांवर का नाही लावलेस? खिसा रिकामा असेल, किंवा त्या दिवशी आपला मुख्य फलंदाज तापाने फणफणलाय हे तुला ठाऊक असेल. तुझे पैसे घेणारा ते बघत असतो. तू लावलेस की त्याला एक बातमी मिळते आणि नाही लावलेस की दुसरी मिळते. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये पीट रोझ नावाचा खेळाडू होऊन गेला. चेंडू फटकावून सुखरूप तळ गाठण्याचे ४,२५६ हिट त्याच्या नावावर आहेत, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पुढे तो सिनसिनाटीच्या संघाचा व्यवस्थापक झाला आणि आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावू लागला. १९८९ साली त्याला खेळातून कायमचं बाहेर काढलं. त्याने पंधरा वर्षं साफ नाकारलं, २००४मध्ये कबूल केलं, आणि तेव्हाही शेवटपर्यंत तुझंच वाक्य म्हणत राहिला: मी माझ्या संघाविरुद्ध कधीच लावले नाहीत. २०२४मध्ये तो गेला. बंदीच्या यादीतून त्याचं नाव २०२५च्या मे महिन्यात निघालं, ते बघायला तो नव्हता. मला त्याची कीव येते. पण त्याला बाहेर काढणाऱ्यांचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही, कारण रोज कोणता गोलंदाज किती टाकणार हे ठरवणारा माणूस तोच होता.

तू म्हणशील, आमची लीग केवढीशी, तिच्यावर कोण पैसे लावणार! आपल्याच गुजरातेतलं मोलिपूर आठव. २०२२ साली मेहसाणा जिल्ह्यातल्या त्या गावात एका शेतात खेळपट्टी केली, शेतमजुरांना आयपीएलच्या संघांचे गणवेश घालून सामन्यामागे चारशे रुपयांवर उभं केलं, यूट्यूबवर ते सामने दाखवले आणि रशियातली माणसं त्यावर पैसे लावत बसली. पोलिस पोचेपर्यंत स्पर्धा बाद फेरीत आली होती. शेतातल्या खोट्या सामन्याला गिऱ्हाईक मिळतं, तर तुझा सामना खरा होता.

आता बघणाऱ्यांचं. १९८१मध्ये हेडिंग्लीच्या कसोटीत इंग्लंडवर फॉलोऑन आला तेव्हा त्यांच्या विजयाला पाचशेला एक, म्हणजे एका पौंडाला पाचशे पौंड, असा भाव होता. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने दहा पौंड आणि रॉड मार्शने पाच पौंड इंग्लंडवर, म्हणजे स्वतःच्या संघाविरुद्ध लावले. बोथमने नाबाद १४९ काढल्या, विलिसने ४३ धावांत आठ बळी घेतले, इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. दोघांना मिळून साडेसात हजार पौंड मिळाले. त्यांनी सामना सोडला असं कुणीही शहाणा माणूस म्हणत नाही, मीही म्हणत नाही. तेव्हा नियमही नव्हता, शिक्षाही झाली नाही. तरी आज चाळीस वर्षं उलटून गेल्यावर त्या सामन्याची गोष्ट सांगताना ते पंधरा पौंड सांगावेच लागतात. आता आपल्या बडोद्याची गोष्ट घे. १९४६-४७च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध आपले ९१ धावांत तीन गेले होते. तिथून विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ जोडल्या. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदच्या ३१९. माझे वडील ते आकडे पाढ्यासारखे म्हणायचे. ऐकताना माझ्या मनात कधी ‘पण’ आला नाही. तुझ्या लीगमधल्या एखाद्या सामन्यात तू घेतलेले बळी कुणीतरी शाळकरी पोराने असेच पाठ केले असतील, हे विसरू नकोस.

हे सगळं लिहिलं तरी खरी भीती मला तुझ्या पाच सामन्यांची नाही. ती त्या एका ओळीची आहे: ‘पैशांचं राहू दे, फक्त टॉसच्या आधी संघ कळवत जा.’ तो माणूस तुझ्याशी कसा बोलला असेल ते मला बडोद्यात बसून ऐकू येतं. ‘भाई, खाली टीम मोकली दे ने, बीजु कंई नथी जोईतुं.’ म्हणजे, भाऊ, फक्त संघ पाठव, दुसरं काही नको. किती गोड! मागतो काय, तर अकरा नावं, जी अर्ध्या तासाने सगळ्यांना कळणारच आहेत. पण त्या अर्ध्या तासात भाव हलतो, आणि त्याचा धंदा त्या अर्ध्या तासावर चालतो. आज अकरा नावं, उद्या विकेट कोरडी की ओली, परवा कुणाचा गुडघा दुखतो. मग एक दिवस, तुझ्या दुसऱ्या षटकात एक वाइड टाक, सामन्याला काही होत नाही. आणि तोवर त्याच्या मोबाइलमध्ये तुझे इतके मेसेज साठलेले असतात की नाही म्हणायला तोंड उरत नाही.

हे मी घाबरवायला रचून सांगत नाही. कॅनडातल्या टोरंटो संघाचा जॉन्टे पोर्टर हा बास्केटबॉलपटू असाच उधारीत बुडाला होता. देणं फेडायला २०२४मध्ये तो दोन सामन्यांतून दुखण्याचं कारण सांगून काही मिनिटांत बाहेर पडला, म्हणजे त्याच्या कमी गुणांवर लावणाऱ्यांचे पैसे झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली आणि जुलैत न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. चोवीस वर्षांचा होता, तुझ्याहून तीनच वर्षांनी मोठा. पाकिस्तानचा मोहम्मद आमिर लॉर्ड्सवर ठरवून नो-बॉल टाकताना अठराचा होता.

तू अजून काही कळवलेलं नाहीस, हे वाचून मला किती हलकं वाटलं ते तुला नाही कळणार. पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ती आहे आणि तिच्याखाली तू रेघ मारलेली नाहीस.

पण नुसतं गप्प राहणंही पुरणार नाही. क्रिकेटचे नियम इथे स्पष्ट आहेत. संघटनेच्या सामन्यांत खेळणाऱ्याने क्रिकेटच्या कुठल्याही सामन्यावर पैसे लावायचे नाहीत, स्वतःच्या विजयावरही नाही. आतली माहिती बाहेर द्यायची नाही. आणि कुणी मागितली तर ते ताबडतोब वर सांगायचं. न सांगणं हाही गुन्हाच धरतात. बांगलादेशच्या शाकिब अल हसनने पैसे घेतले नव्हते, सामना सोडला नव्हता. त्याच्याशी बुकीने संपर्क केला होता, तो त्याने कळवला नाही, एवढ्यासाठी २०१९च्या ऑक्टोबरमध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. तेव्हा तो एकदिवसीय क्रिकेटमधला जगातला पहिल्या क्रमांकाचा अष्टपैलू होता. तुलाही असाच संपर्क झाला आहे, आणि तो न कळवता तू घालवलेला एकेक दिवस मोजला जातो आहे.

तेव्हा सांगायलाच हवं. आधी आईला, मग प्रशिक्षकांना, आणि त्यांना बरोबर घेऊन असोसिएशनला. तिथून ते बोर्डाच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाकडे जाईल. जाण्याआधी एखाद्या वकिलाशी बोल, कारण जबाब लिहून द्यावा लागेल. तुला काही होणार नाही, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. बंदी येऊ शकते, आणि तुझ्या वयात एक वर्षही फार मोठं असतं. पण शिक्षा ठरवताना माणूस आपणहून आला की पकडला गेला, हे बघतात. आणि हे शिबिराची यादी लागायच्या आधी कर. यादी लागून मग हे बाहेर आलं, तर तुझ्याबरोबर आणखी एका मुलाची जागा वाया गेलेली असेल, आणि तो कदाचित तुझ्याच नेटमध्ये तुला चेंडू आणून देणारा असेल.

त्या माणसाला काहीच उत्तर देऊ नकोस, वाद घालू नकोस, आणि त्याचे मेसेज पुसू नकोस. घाबरून सगळं पुसून टाकावंसं वाटेल, पण तेच तुझ्या बाजूचे पुरावे आहेत. त्यांचे फोटो काढून प्रशिक्षकांकडे दे. तुझ्या खात्यातून दुसऱ्या कुणाचे पैसे फिरवून घ्यायला सांगेल, तेही करू नकोस. त्यात अडकलेली पोरं मी पाहिली आहेत, खातं गोठतं आणि पोलिस पहिल्यांदा त्यांच्याच दारात येतात.

आणि आईची ठेव मोडू नकोस. १८७२च्या करार कायद्याचं ३०वं कलम सांगतं की पैजेचा करार मुळातच रद्दबातल असतो, त्याच्या वसुलीसाठी कुणाला कोर्टात जाता येत नाही. शिवाय पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं यावर २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली आहे. म्हणजे जो तुझ्याकडे ६८ हजार मागतो आहे, तो ते मागायला पोलिसांसमोर उभा राहू शकत नाही. तो धमकी देईल, घरी येतो म्हणेल, मैदानावर पोरांना सांगतो म्हणेल. तू आधीच सगळं सांगून टाकलंस तर त्याच्या हातात सांगण्यासारखं उरत नाही. तरी धमकी आलीच तर आई आणि वकील यांच्यासह पोलिस ठाण्यात जा. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० क्रमांकावर करता येते.

एक गोष्ट विचारायची राहिली. उधारी इतकी झाली ती तुझ्या लीगमुळे नव्हे, नंतर ‘इतर सामन्यांवर’ लावत गेलास त्यामुळे. रात्री किती वाजेपर्यंत लावायचास? गेलेले भरून काढायला पुन्हा लावायचास का? तसं असेल तर हा नुसता चुकीचा निर्णय नाही, हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. इंग्लंडचा फुटबॉलपटू इव्हान टोनी याच्यावर २०२३मध्ये आठ महिन्यांची बंदी आली. २३२ आरोप त्याने मान्य केले होते, त्यांतल्या काही पैजा स्वतःच्याच क्लबवर होत्या. त्याला जुगाराचं व्यसन असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं, शिक्षा ठरवताना तेही धरलं. पुढच्याच वर्षी तो युरो स्पर्धेत इंग्लंडकडून खेळला. तुझंही तसंच होईल असं वचन देता येत नाही. पण हे सगळं बोलून टाकल्यावर खेळणं संपतंच असं नाही, हे तुला माहीत असावं.

आईला कसं सांगायचं, ते तू विचारलं नाहीस, पण तुझा सगळा जीव तिथेच अडकला आहे असं मला वाटतं. रात्री जेवणं झाल्यावर, भांडी आवरल्यावर सांग. ती ओट्यापाशी उभी असताना नको. आधी आकडा सांग. पूर्ण ६८. पन्नास सांगून बाकीचे नंतर सांगू असं करू नकोस, कारण आकडा दुसऱ्यांदा वाढला की पहिल्यांदा सांगितलेलं सगळंच तिला खोटं वाटू लागेल. मोबाइल तिच्यासमोर उघडा ठेव. ती रडेल, कदाचित त्या रात्री तुझ्याशी बोलणार नाही. तू उठून बाहेर जाऊ नकोस, तिथेच बस. सकाळी प्रशिक्षकांकडे जाताना तिला बरोबर यायचं आहे का, एवढं विचार.

आणि मला लिही. असोसिएशनमध्ये काय म्हणाले ते, आणि बोट बरं आहे का तेही.